डॅशबोर्ड व कन्सोल बसवताना स्क्रू-बोल्ट आवळणे

वाहनाचा डॅशबोर्ड किंवा पुढच्या दोन आसनांमधला कन्सोल उतरवून पुन्हा चढवताना प्रत्येक स्क्रू, बोल्ट व नट योग्य क्रमाने आणि बेताच्या जोराने आवळण्याचे काम. इंजिनाचे बोल्ट टॉर्कचा म्हणजे पिळण्याच्या जोराचा आकडा पाहून आवळणारे कारागीरही इथे मनगटाच्या अंदाजावर जातात. दुरुस्तीनंतर डॅशबोर्ड करकरू लागतो किंवा स्क्रूच्या भोकाशी तडा जातो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

अडचण अशी की एकाच जोडणीत पोलाद आणि प्लॅस्टिक दोन्ही असतात. डॅशबोर्डच्या आत आडवी पोलादी तुळई असते. स्टिअरिंगचा दांडा तिलाच धरलेला असतो. ८.८ प्रतीच्या (ही पोलादी बोल्टच्या मजबुतीची श्रेणी) एम ८ म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण २५ आणि एम ६ ला १० न्यूटन-मीटर (टॉर्क मोजण्याचे एकक) टॉर्क चालतो. प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जाणाऱ्या लहान स्क्रूला मात्र बहुधा १-२ न्यूटन-मीटरच पुरतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावा. लावलेल्या टॉर्कपैकी जवळपास नऊ-दशांश घर्षणातच खर्ची पडतो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लागलेल्या बोल्टला लावला तर तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

प्लॅस्टिक उष्णतेने पोलादापेक्षा जास्त फुगते. त्याला सरकायला वाव मिळावा म्हणून काही भोके लांबट ठेवतात. तिथे स्क्रू करकचून आवळला की तो वावच संपतो आणि उन्हात तापलेला भाग कुरकुरतो. शिवाय सतत दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू दबत जाते, त्यामुळे जास्त जोर लावून पकड टिकत नाही. त्यासाठीच महत्त्वाच्या भोकांत धातूची नळी बसवलेली असते. उतरवताना ती पडली तर शोधून परत घालावी.

सगळे बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे चढवून सैल ठेवावेत. मग खुंट्या त्यांच्या खाचांत बसल्या का, फटी सारख्या आल्या का आणि वायरिंग कुठे चेपली नाही ना, हे पाहून तुळईचे बोल्ट प्रथम आवळावेत. वरची आवरणे व कन्सोल शेवटी. जुन्या भोकात स्क्रू घालताना आधी उलटा फिरवावा. ‘टक्’ करून तो किंचित खाली उतरला की जुना आटा सापडला असे समजून सुलटा फिरवावा. एवढे केले तरी बरीच भोके वाचतात. बॅटरीवरचे ड्रायव्हर वेगाने फिरवले तर घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिकचे आटे मऊ पडतात. शेवटचे फेरे हातानेच द्यावेत. स्क्रूंची लांबीही जागेनुसार वेगळी असते, आणि चुकीच्या जागी गेलेला लांब स्क्रू मागची वायर फोडू शकतो.

एअरबॅग व स्टिअरिंगच्या दांड्याचे बोल्ट यांत वेगळे पडतात. बॅटरी सोडवून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये. जिथे उत्पादकाने बोल्ट एकदाच वापरण्याजोगे ठरवले आहेत तिथे नवेच घालावेत आणि टॉर्क मोजणाऱ्या पान्यानेच आवळावेत.