तुझ्या ठायी: सफन्याच्या एका वचनामागचा इतिहास

सफन्या संदेष्ट्याचे पुस्तक बायबलमध्ये पटकन सापडत नाही. जुन्या कराराच्या शेवटाकडे, हबक्कूक आणि हाग्गय यांच्यामध्ये ते दडलेले आहे. अध्याय तीन, वचने अवघी ५३. सुरुवात अशी की वाचणाऱ्याने पान उलटून पुढे जावे: माणूस, जनावर, आकाशातले पाखरू, समुद्रातला मासा, सगळे भूतलावरून नाहीसे करीन, असे परमेश्वर म्हणतो. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी, ३:१७ मध्ये, तोच परमेश्वर आपल्या लोकांमध्ये आहे, त्यांना पाहून हर्षतो आणि चक्क गातो. देव गातो असे इतक्या उघडपणे सांगणारे दुसरे वचन दाखवणे अवघड आहे.

सांत्वनाचे वचन म्हणून हे एकटेच उचलले जाते, आणि त्याची सवय झाली की त्यातले नवल दिसेनासे होते. देव जवळ आहे आणि आपल्यामुळे आनंदित आहे, या दोन गोष्टी आज एकाच श्वासात म्हटल्या जातात. बायबलच्या इतिहासात मात्र त्या सुरुवातीपासून एकत्र नव्हत्या. जवळीक आधी आली, आणि ती आली तेव्हा भीतिदायक होती.

निर्गमाच्या पुस्तकात देव मोशेला म्हणतो, मला एक पवित्रस्थान करा, म्हणजे मी 'त्यांच्यामध्ये' राहीन (२५:८). वाक्य नीट वाचले तर देव तंबूत राहीन असे म्हणत नाही, लोकांमध्ये राहीन म्हणतो. निवासमंडपाला हिब्रूत 'मिश्कान' म्हणतात, आणि तो शब्द वस्ती करण्याच्या क्रियापदापासूनच आला आहे. पण लगेच लोक सोन्याचे वासरू घडवून त्याची पूजा करतात आणि देव सांगतो: मी तुमच्यामध्ये राहून येणार नाही, कारण तुम्ही ताठ मानेचे आहात, वाटेत मी तुम्हाला भस्म करीन (३३:३). येथे 'तुमच्यामध्ये' यासाठी 'केरेब' हा शब्द आहे. शब्दशः अर्थ पोटातला भाग, आतडी. अर्पणाच्या जनावराच्या आतड्यांनाही हाच शब्द. इतक्या आत देव आला तर माणूस वाचेल कसा, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. मोशे मात्र हट्ट सोडत नाही. लोक ताठ मानेचे आहेत खरे, तरी तू आमच्यामध्ये चल, अशी विनवणी तो तोच शब्द वापरून करतो (३४:९). देवाने न येण्यासाठी दिलेले कारण मोशे त्याने यावे म्हणूनच पुढे करतो. मला तरी हा युक्तिवाद सबंध पंचग्रंथातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला, सर्वांत धाडसी वाटतो.

सफन्याचा काळ त्यानंतर कित्येक शतकांचा. तो योशीया राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे साधारण इ.स.पू. ६४० ते ६०९ या काळात बोलला. त्याआधी मनश्शेने ५५ वर्षे राज्य केले होते आणि मंदिराच्या अंगणातच परक्या दैवतांच्या वेद्या उभ्या केल्या होत्या. योशीया वयाच्या आठव्या वर्षी गादीवर आला. त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि मोठी धर्मसुधारणा झाली. सफन्या बहुधा त्या सुधारणेच्या आधीचा असावा, असे बरेच अभ्यासक मानतात, कारण बआल या कनानी दैवताच्या ज्या पूजेवर तो तुटून पडतो ती तेव्हा अजून चालू दिसते. उत्तरेला अश्शूरचे साम्राज्य खिळखिळे होत होते, इ.स.पू. ६१२ मध्ये त्याची राजधानी निनवे पडली.

पण सफन्याच्या रागाचे मूळ मूर्तींपुरते नाही. परमेश्वर दिवे घेऊन यरुशलेम धुंडाळील, असे तो म्हणतो (१:१२). कोणाला शोधायला? जे तळाच्या गाळावर साकळलेल्या द्राक्षारसासारखे निवांत बसून मनात म्हणतात, परमेश्वर भलेही करीत नाही नि वाईटही करीत नाही. ही नास्तिकता नव्हे. देव आहे, पण त्याला आपल्याशी काही देणेघेणे नाही, अशी ही सुखवस्तू खात्री आहे. शेवटच्या अध्यायातल्या गाण्याची खरी पार्श्वभूमी मला येथे दिसते: कशानेच न हलणारा देव विरुद्ध आपल्या लोकांपायी गाऊ लागणारा देव.

तिसऱ्या अध्यायात तो जुना 'केरेब' शब्द पुन्हा येतो, आणि एकदा नव्हे. नगरीमध्ये गर्जणाऱ्या सिंहांसारखे सरदार आहेत (३:३). त्याच नगरीमध्ये न्यायी परमेश्वरही आहे (३:५). मग तो तिच्यामधून गर्विष्ठांना काढून टाकतो (३:११), तिच्यामध्ये दीन आणि नम्र लोक ठेवतो (३:१२), आणि अखेर राजा परमेश्वर तिच्यामध्ये आहे असे दोनदा सांगितले जाते (३:१५, १७). शब्द एकच, पण आत कोण राहते ते बदलत जाते. मोशेच्या वेळी ज्या शब्दात भस्म होण्याची भीती होती, त्याच शब्दाला आता 'तारणारा वीर' जोडला जातो. शेवटचा हा भाग (३:१४-२०) यरुशलेम पडल्यानंतरच्या बाबेलमधल्या बंदिवासाच्या काळात जोडला गेला असेही काही अभ्यासक म्हणतात. तसे असले तर तो आणखीच विलक्षण ठरतो, कारण तेव्हा गाण्यासाठी नगरी उरलीच नव्हती.

आनंदाच्या क्रियापदांचा इतिहासही सरळ नाही. 'अनुवाद' या पंचग्रंथातल्या पाचव्या पुस्तकात एक वचन आहे जे प्रवचनांत सहसा येत नाही: तुमचे भले करण्यात परमेश्वराला जसा आनंद वाटला, तसाच तुमचा नाश करण्यातही वाटेल (२८:६३). करार मोडल्याच्या शापांमधले हे वाक्य. पुढे ३०:९ मध्ये तेच क्रियापद लोक परतल्यावर पुन्हा भल्याकडे वळते. यशया त्याला लग्नघरात नेतो: वराला वधूमुळे जसा हर्ष होतो तसा तुझ्या देवाला तुझ्यामुळे होईल (६२:५). यिर्मयाही बंदिवासाच्या उंबरठ्यावर तेच सांगतो (३२:४१). सफन्याने हेच क्रियापद घेतले आणि त्यात एक उलटापालट केली. ३:१४ मध्ये सियोनकन्येला, म्हणजे यरुशलेम नगरीला, आज्ञा होते: गा, हर्ष कर. तीनच वचने पुढे त्याच धातूंतून आलेले शब्द देवासाठी येतात. जे गाणे लोकांकडून मागितले, ते देव स्वतःच गातो.

३:१७ या वचनाच्या मधोमध एक अडचणीची जागा आहे. हिब्रू पाठ म्हणतो की तो आपल्या प्रेमात 'गप्प राहील'. हर्ष आणि गाणे यांच्यामध्ये हे मौन कशाला? सप्तती या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने 'आपल्या प्रेमात तुला नवे करील' असे लिहिले. हिब्रूतली 'र' आणि 'द' ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की एकाच्या जागी दुसरे वाचले गेले असणे सहज शक्य आहे. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने मौनच ठेवले. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी याने त्याचा अर्थ लावला की देव प्रेमाने तुझे अपराध झाकील, म्हणजे त्यांबद्दल बोलणार नाही. पुष्कळ आधुनिक भाषांतरे 'तुला शांत करील' असे घेतात, जणू आई लेकराला उगी करते. माझा कल राशीकडे आहे. ज्या पुस्तकात देव पहिल्या वचनांपासून आरोप वाचतो आहे, तेथे त्याचे गप्प होणे हीच मोठी बातमी आहे.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले. देवाचे तेज मंदिरातून उठून नगराबाहेर निघून जाते, हा दृष्टांत यहेज्केल संदेष्ट्याने आधीच पाहिला होता. त्याच्या पुस्तकाचे अखेरचे शब्द नव्या नगरीचे नाव सांगतात: 'परमेश्वर तेथे आहे'. दुसरे मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये पूर्ण झाले, पण कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, परत आला नाही. परमपवित्र स्थान रिकामेच राहिले.

ख्रिस्ती विश्वास त्या रिकाम्या जागेपाशी सुरू होतो असे म्हणता येईल. योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो की शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये 'तंबू ठोकला' (१:१४). ग्रीक क्रियापद नेमके तेच आहे, भाषांतरांत ते 'वस्ती केली' असे सौम्य होते. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत येशूची आई होणाऱ्या मरीयेला 'खैरे' म्हणतो (१:२८). तो रोजचा नमस्कारही आहे आणि 'आनंद कर' ही आज्ञाही. सप्ततीत सफन्या ३:१४ ची सुरुवात याच शब्दाने होते आणि पुढे प्रभू तुझ्यामध्ये आहे असे येते, म्हणून अनेक अभ्यासकांना मरीयेच्या जागी सियोनकन्या दिसते. गाढवाच्या शिंगरावर बसून येणाऱ्या राजाचे वचन योहान जखऱ्या संदेष्ट्यावरून देतो, पण जखऱ्यातल्या 'उल्लास कर'च्या जागी 'भिऊ नको' असे लिहितो (१२:१५). तेही सफन्याकडून आले असावे, कारण त्याच प्रसंगात लोक येशूला 'इस्राएलाचा राजा' म्हणतात आणि सफन्यात ते नाव परमेश्वराचे आहे. आणि देवाच्या आनंदाचे सगळ्यात ओळखीचे रूप म्हणजे लूकचा पंधरावा अध्याय: हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे, हरवलेला मुलगा. येशू या गोष्टी कोणाला सांगतो? पापी लोकांबरोबर तो जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्यांना. तेथे जवळीक हाच आक्षेप होता.

पुढच्या शतकांत अडचण वेगळ्याच बाजूने आली. ग्रीक तत्त्वज्ञानात शिकलेल्यांना भावनांनी हलणारा देव अपुरा वाटे. जो बदलतो तो परिपूर्ण कसा? तिसऱ्या शतकातला ओरिगेन एका प्रवचनात पिताही प्रेमापोटी सोसतो असे म्हणून गेला, पण मुख्य प्रवाह देव विकारांपलीकडे आहे यावरच राहिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने एक रेघ ओढली: दुःख आणि क्रोध देवाविषयी रूपकाने बोलावेत, प्रेम आणि आनंद मात्र त्याच्या ठायी खरोखरच आहेत, कारण त्यांत उणेपणा नाही. हा भेद फारसा सांगितला जात नाही. १६४६ च्या इंग्लंडमधील प्रोटेस्टंट वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने देव 'विकाररहित' म्हटले, आणि त्याच सभेच्या प्रश्नोत्तरीने माणसाचा मुख्य हेतू देवाचे गौरव करणे व त्याच्यामध्ये सदैव आनंद मानणे हा सांगितला. बाण माणसाकडून देवाकडे. उलट दिशेने बोलायला बहुधा गूढानुभवी माणसे लागली. इंग्लंडमधील नॉरिचच्या जूलियनला १३७३ मध्ये आजारपणात दर्शने झाली. तिने लिहिले की आपला पिता असण्यात देवाला आनंद आहे, आणि आपली माता असण्यातही.

उपासनेत सफन्याची दोन टोके वेगवेगळ्या वाटांनी आली. पहिल्या अध्यायातला 'तो दिवस क्रोधाचा दिवस' लॅटिनमधून मध्ययुगीन 'दिएस इरे' या गीतात उतरला. शतकानुशतके ते मृतांच्या मिस्सात, म्हणजे मृतांसाठीच्या कॅथलिक उपासनेत, गायले गेले. मोझार्ट आणि वेर्दी यांनी त्याला संगीत दिले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या १९७० च्या मिस्सापुस्तकात ते मृतांच्या मिस्सातून वगळले गेले. साधारण त्याच सुमारास आलेल्या नव्या वाचनक्रमात सफन्याचा तिसरा अध्याय आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या, तिसऱ्या रविवारी, दर तीन वर्षांतून एकदा, वाचायला ठेवला गेला. हा 'गौदेते' म्हणजे आनंदाचा रविवार. त्या दिवशी याजक जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे घालू शकतात. 'दिएस इरे' मात्र पुरते गेले नाही. प्रहर-प्रार्थनेत ते ऐच्छिक स्तोत्र म्हणून राहिले आहे, तेही आगमनकाळाच्या अगदी आधीच्या आठवड्यात. त्यामुळे ज्या वर्षी सफन्याची पाळी येते, त्या वर्षी पहिल्या अध्यायातला क्रोधाचा दिवस आणि तिसऱ्यातले देवाचे गाणे यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे जातात.