बालविकास व कुटुंब अभ्यास (कॅलिफोर्निया)

कॅलिफोर्नियातील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत (मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयांत) शिकवला जाणारा, लहान मुलांची वाढ, त्यांचे शिक्षण आणि घर यांविषयीचा अभ्यासक्रम. राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. पूर्व-प्राथमिक वर्गात शिकवण्यासाठी तेथे पदवीपेक्षा आधी 'युनिटे', म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारी श्रेयांके, मोजली जातात. खासगी परवानाधारक केंद्रात पूर्ण पात्र शिक्षक ठरायला बालविकासाची १२ युनिटे लागतात. राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत शिकवणाऱ्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा बालविकास परवाना असतो. त्यातील शिक्षकाच्या पायरीला नेहमीच्या मार्गाने विषयाची २४ आणि सामान्य शिक्षणाची १६ युनिटे, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. राज्यातील रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर शुल्क पडते. त्यामुळे नोकरी सांभाळून दर सत्राला एखादाच विषय घेणे परवडते.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे निरीक्षण, आणि नवख्याला तेच सर्वांत जड जाते. अनेक कॉलेजांच्या आवारातच बालकेंद्र असते. विद्यार्थी तेथे कोपऱ्यात वही घेऊन बसतात आणि मूल जे करते, जे बोलते तेवढेच टिपतात. 'ती चिडली' हा झाला अर्थ. 'तिने ठोकळा फेकला, पाय आपटले आणि दाराकडे पाहिले' ही झाली नोंद. दोन्हींतला फरक अंगवळणी पडेपर्यंत वह्या लाल शाईने भरतात. मुलाला 'हट्टी' म्हणून मोकळे होण्याची मोठ्यांची सवय मोडायला याहून चांगला उपाय क्वचितच असेल.

'मूल, कुटुंब व समाज' या विषयात मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांची वर्तुळांची मांडणी हमखास येते : मधोमध मूल, भोवती घर व शाळा, त्याबाहेर आईवडिलांची नोकरी, आणि सर्वांत बाहेर कायदे, रूढी. आईची रात्रपाळी बदलली की मुलाची सकाळ बदलते, हे त्यातून उलगडते. गरीब घरांतील मुलांसाठी १९६५ मध्ये सुरू झालेल्या 'हेड स्टार्ट' योजनेच्या आखणीतही ब्रॉन्फेनब्रेनर होते. त्या योजनेत पालकांना सुरुवातीपासून सहभागी करून घेतले गेले.

पुढे शिकायचे असल्यास २०१० च्या राज्य कायद्यानुसार ६० युनिटांची बदलीयोग्य सहयोगी पदवी (पूर्ण पदवीआधीचा टप्पा) घेऊन कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जाता येते. मात्र पदवी घेऊनही बालकेंद्रात राहिलेल्या शिक्षिकेचा पगार प्राथमिक शाळेतील शिक्षिकेपेक्षा सहसा बराच कमी असतो. म्हणून पदवी हाती आल्यावर अनेकजणी बालवर्ग सोडून शाळेची वाट धरतात.