चोवीस गुण म्हणजे निदान नव्हे

मी स्मरणशक्तीच्या चाचण्या घ्यायला शिकत होते तेव्हाची गोष्ट. डिचोलीहून आलेल्या एका काकांच्या फायलीवर ‘२४/३०’ लिहून मी मोकळी झाले. आमच्या बाईंनी एवढंच विचारलं, “सहा गुण गेले कुठे?” मला सांगता येईना.

‘मेमरी टेस्ट’ या एकाच नावाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी घालतात. एक स्क्रीनिंग, म्हणजे झटपट चाळणी; दुसरी न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट, म्हणजे स्मरणशक्तीची सविस्तर तपासणी.

स्क्रीनिंग दहाएक मिनिटांत उरकतं. त्यासाठीच्या दोन चाचण्या, १९७५ची एमएमएसई किंवा २००५ची मोका, दोन्ही तीस गुणांच्या. वार, तारीख, काही शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करणं, एखादी आकृती काढणं. मोकात २६ किंवा जास्त गुण ठीक मानतात आणि शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. पुढे तपासायला हवं का, एवढंच यातून ठरतं.

काकांचा कागद पुन्हा काढला. आकृती चुकली, एक गुण गेला. मघाचे तिन्ही शब्द आठवले नाहीत, तीन गेले. उरलेले दोन तारखेचे आणि महिन्याचे: काकांनी सांगितलं होतं, “कार्तिक, एकादशी.” तिथी बरोबर होती! गुण मात्र कागदाप्रमाणेच द्यावे लागतात.

असेसमेंटला दोन-तीन तास लागतात, कधी दोन बैठका. आधी गप्पा: शाळा किती, उजवा हात वापरता की डावा, झोप, गोळ्या, मन खचलंय का. भाषाही विचारावी लागते. काका पोर्तुगीज काळात मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, “उलोवप कोंकणीतल्यान, बरोवप मराठीतल्यान.” (बोलणं कोंकणीत, लिहिणं मराठीत.) म्हणून शब्दांची यादी तिथल्या तिथे भाषांतरित करून चालत नाही, शब्द बदलला की त्याची लांबी आणि ओळखीचेपणा बदलतो, मग तुलनेचे आकडे लागू पडत नाहीत. तुलना करायची ती त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या लोकांशी. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची २००४ची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वय, लिंग आणि शिक्षण बघून आकडे देते ती यासाठीच.

मग पंधरा शब्दांची यादी. पाच वेळा वाचून दाखवायची, मध्ये दुसरी यादी, आणि वीस-तीस मिनिटांनी पुन्हा पहिली विचारायची. काकांना तीनच शब्द आठवले. पण “हा होता का?” असं एकेक विचारत गेले तर तेरा अचूक ओळखले, नसलेल्या एकालाही ‘हो’ म्हटलं नाही. म्हणजे शब्द आत गेले होते, बाहेर काढताना अडत होतं. अल्झायमरमध्ये बहुतेकदा ओळखणंही ढासळतं. इथे नैराश्य किंवा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा त्रास, याचा विचार आधी करावा लागतो. नक्की काय ते एमआरआय, बी-१२, थायरॉईड हे सगळं सोबत ठेवूनच ठरतं. स्क्रीनिंगमधल्या त्या तीन शून्यांतून यातलं काहीच कळलं नसतं.

उलटही होतं. निवृत्त हेडमास्तर २९ गुण मिळवतात आणि घरी त्यांना पासबुकाचा हिशेब लागत नसतो. अशांना स्क्रीनिंग फार सोपं पडतं.

एक विनंती. म्हापशाहून पणजीला येईपर्यंत गाडीत आईकडून आजची तारीख घोकून घेऊ नका. चष्मा, कानाचं यंत्र आणि गोळ्यांची चिठ्ठी तेवढी आठवणीने आणा.