जुनी कार्ट्रिजं: जमवण्याआधी आणि तुलना करण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या आर्मच्या टोकाला बसणारा, सुई धरणारा भाग. जुनं कार्ट्रिज घेऊन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "हे चांगलं आहे ना?" नाव सांगून होतं, मॉडेल सांगून होतं. आमचं उत्तर मात्र ते भिंगाखाली धरल्याशिवाय येत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्ट्रिजचं नाव ते नवं असताना कसं वाजायचं एवढंच सांगतं. आज ते कसं वाजेल, हे हिऱ्याचं टोक किती झिजलंय, आतलं रबर किती जिवंत आहे आणि ते कुठल्या टोनआर्मवर, म्हणजे रेकॉर्डवर फिरणाऱ्या दांड्यावर, बसणार आहे, यावर ठरतं. नावं जमवणं सोपं आहे. वाजणारी कार्ट्रिजं जमवायची असतील, तर पुढचं जरूर वाचा.

आधी टोक

सुई नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही. साधारण २०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो, आणि प्रकाश बाजूने पडावा लागतो. चांगलं टोक गोलसर, सलग दिसतं. झिजलेल्या टोकाच्या दोन्ही कुशींवर दोन चपटे डाग चकाकतात. खाचेच्या भिंती तिथेच घासलेल्या असतात. हे डाग पुरते उमटले, की त्यांच्या कडा रेकॉर्ड खरवडू लागतात. हिऱ्याचं टोक काळजीने वापरलं तर साधारण ५०० ते १००० तास चालतं. जुन्या स्वस्त कार्ट्रिजांमध्ये नीलमाची सुई असे. ती याच्या मानाने फारच लवकर झिजते.

टोकाचा आकारही बघावा लागतो. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला साधारण ३ मिलचं टोक लागतं, जुन्या मोनो एलपीला १ मिलचं, आणि स्टिरिओला ०.७ मिल किंवा त्याहून बारीक. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एलपीची सुई ७८ च्या रेकॉर्डवर टेकवली, तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते. उलट, १९५८ मध्ये स्टिरिओ एलपी बाजारात येण्याआधीची बरीच मोनो कार्ट्रिजं वरखाली हलायला तयार नसतात. त्यांच्यावर स्टिरिओ रेकॉर्ड लावलीत, तर एकदा वाजवण्यातच रेकॉर्ड कायमची दुखावते. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, आणि दोनदा सांगतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसीने सीडी-४ ही चार वाहिन्यांची पद्धत आणली. तिच्यासाठी ४५ किलोहर्ट्झपर्यंत वाचू शकेल असं टोक हवं होतं. नोरिओ शिबाता यांनी घडवलेला तो आकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चार वाहिन्या मागे पडल्या, शिबाता टोक मात्र टिकलं. साध्या स्टिरिओ रेकॉर्डमधलाही तपशील ते सुंदर काढतं.

मग रबर

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. हिरा धरणारी जी बारीक दांडी असते, म्हणजे कँटिलिव्हर, ती मागे रबराच्या छोट्याशा कडीत बसलेली असते. हे रबर पेटीत पडून असलं तरी म्हातारं होतं. कधी कडक होतं, कधी लिबलिबीत. त्यामुळे "पेटीबंद, कधीच न वापरलेलं" हे शब्द ऐकून हरखून जाऊ नका. टोक नवं असेल. रबराचं वय मात्र पेटीवरच्या तारखेपासूनच मोजायचं.

घरी एवढं करून बघा. टर्नटेबल बंद ठेवून, कंपनीने ठरवलेला भार (सुईने रेकॉर्डवर टाकायचं वजन) देऊन, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर हलकेच टेकवा आणि बाजूने नीट पाहा. कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला जवळजवळ टेकलं, तर रबर बसलंय. भार देऊनही कँटिलिव्हर जराही दबला नाही आणि पोट उंचच राहिलं, तर रबर कडक झालंय. मग 'स' आणि 'श' फाटून येतात. समोरून पाहा: कँटिलिव्हर एका बाजूला कललेला असेल, तर तो सौदा सोडून द्या. रबर मऊ करण्यासाठी कुठलंही तेल किंवा द्रव लावू नका. तसं केलेली कार्ट्रिजं आमच्याकडे आली आहेत. त्यांचं पुढे काहीच करता आलं नाही.

शुअर कंपनीच्या व्ही-१५ टाइप ३ मॉडेलची दोन कार्ट्रिजं एकदा एकाच ग्राहकाने आणली. एक खुलून वाजायचं, दुसरं घुसमटल्यासारखं. त्यांची खात्री झाली होती, की दुसऱ्याची कॉइल गेली. आम्ही फक्त दोघांच्या सुया अदलाबदल केल्या. घुसमट सुईबरोबर पहिल्या कार्ट्रिजमध्ये गेली, आणि 'खराब' ठरलेलं शरीर मोकळं गाऊ लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली कळलं, की ती सुई मूळची नव्हतीच. नंतर कोणीतरी बसवलेली साधी गोल टोकाची होती.

काय जमवावं

आमचं मत स्पष्ट आहे: सुरुवात मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या एमएम प्रकारापासून करा. यात सुई बोटांनी ओढून काढता येते आणि नवी बसवता येते, म्हणून सुई गेलेलं चांगलं शरीरही घेण्याजोगं असतं. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजं बनवणं थांबवलं, पण त्यांच्या कितीतरी मॉडेलांसाठी जपानच्या जिको कंपनीच्या सुया मिळतात. एमसी, म्हणजे चुंबकाऐवजी कॉइल हलणाऱ्या मूव्हिंग कॉइल प्रकारात सहसा ही सोय नसते. तिथे जुन्या शरीरावर नवा हिरा, कधी नवा कँटिलिव्हर बसवावा लागतो. ते काम उत्तम होऊ शकतं, पण आवाज मूळचाच राहील असं आम्ही कधीच म्हणत नाही. बँग अँड ओलुफसेनच्या एमएमसी मालिकेतही सुई निघत नाही, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

डेन्मार्कच्या ऑर्टोफोनचं एसपीयू १९५९ चं. हेडशेलसकट (आर्मच्या पुढच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या खोबणीसकट) एकसंध आणि वजनदार, ३ ते ४ ग्रॅम भारावर वाजणारं. डेनॉन डीएल-१०३ जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात घडलं आणि आजही बनतं. म्हणून तुलनेसाठी पायाचं कार्ट्रिज कोणतं घ्यावं असं विचाराल, तर आम्ही तेच सुचवतो: नवं मिळतं, त्यामुळे वयाचा संशय मध्ये येत नाही. डेक्काच्या कार्ट्रिजांमध्ये नेहमीसारखा लांब कँटिलिव्हर नसतोच. त्यांच्या आवाजातला जिवंतपणा आम्हाला फार आवडतो, पण ती आर्मच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. क्रिस्टल प्रकारची जुनी कार्ट्रिजं ओलाव्याने आतून मरतात. ती शोभेला ठेवा.

आर्मशी जुळतं का

कँटिलिव्हरचा लवचीकपणा आणि आर्मचं प्रभावी वजन मिळून एक नैसर्गिक कंपन ठरतं. ते ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये बसावं. हिशेब सोपा आहे: एकूण वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला लवचीकपणाच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. आर्म १० ग्रॅमचा, स्क्रूसकट कार्ट्रिज ७ ग्रॅमचं आणि लवचीकपणा २० असेल, तर उत्तर साधारण ८.६ येतं. जोडी जमली. हेच कार्ट्रिज २५ ग्रॅमच्या जड आर्मवर लावलं तर आकडा ६.३ वर घसरतो, आणि जरा वाकडी रेकॉर्ड आली की सुई उड्या मारू लागते. एक सावधगिरी बाळगा: जपानी कंपन्या लवचीकपणा बऱ्याचदा १०० हर्ट्झला मोजून देतात आणि तो आकडा लहान दिसतो. १० हर्ट्झचा आकडा त्याहून बराच मोठा असतो, म्हणून १०० हर्ट्झचा आकडा थेट हिशेबात घालू नका.

तारांचंही असंच. एमएम कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा विजेचा भार (लोड) लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, कपॅसिटन्सकडे, म्हणजे केबलच्या वीज साठवण्याच्या गुणाकडे, मात्र दुर्लक्ष होतं. अर्धा हेन्री इंडक्टन्सची कॉइल २०० पिकोफॅरडशी जुळली, तर त्यांचा अनुनाद १६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. ४०० पिकोफॅरड झाले, की ११ वर उतरतो. म्हणजे नुसती केबल बदलून आवाज बदलतो, आणि दोष कार्ट्रिजवर येतो.

तुलना करताना

एक कार्ट्रिज ५ मिलिव्होल्ट देतं, दुसरं ३.५. फरक ३ डेसिबलचा, आणि जे मोठ्याने वाजतं तेच कानाला सरस वाटतं. आधी आवाजाची पातळी सारखी करा, मग मत द्या. रेकॉर्ड तीच, बाजू तीच, आणि शक्यतो शेवटचं गाणं. एलपीच्या बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाशी जेमतेम २१. म्हणजे आत कमी जागेत तेवढंच संगीत दाटलेलं असतं. साध्या गोल टोकाची आणि बारीक टोकाची खरी परीक्षा तिथे होते.

भार मोजायला छोटा डिजिटल काटा वापरा. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. रेकॉर्डच्या काळजीपोटी भार अगदी कमी ठेवण्याची सवय अनेकांना असते. खरं तर किंचित जास्त भारापेक्षा कमी भार घातक, कारण खाचेत नीट न बसलेली सुई भिंतींवर आपटत जाते. थंडीत रबर ताठ असतं, म्हणून पहिली बाजू नुसती वाजू द्या, तिच्यावरून मत बनवू नका.

आमच्याकडे आणताना

सुईवरचं झाकण लावूनच आणा. झाकण नसेल तर एमएमची सुई काढून वेगळ्या छोट्या डबीत ठेवा. कापसात गुंडाळू नका. त्याचे धागे कँटिलिव्हरला अडकतात आणि काढताना तो वाकतो. आणण्याआधी साफ करायचीच असेल, तर मऊ कुंचला मागून पुढे फिरवा, उलटा कधीच नाही. एमसीच्या कॉइलला घरी मल्टिमीटर लावू नका, ते आम्ही बघू. सोबत टोनआर्मचं आणि फोनो स्टेजचं (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचं) नाव लिहून आणा, आणि तुम्हाला खटकलेली एखादी रेकॉर्डही. तुमच्यासमोरच ती लावू.