आठव्या ज्यूररवर विश्वास का बसतो : पार्श्वभूमी

लोगॉस (तर्क), एथॉस (वक्त्यावरचा विश्वास), पॅथॉस (श्रोत्यांच्या भावना) ही मन वळवण्याच्या साधनांची त्रयी परिचयाची आहे. घोळ होतो तो एथॉसचा. मराठीत त्याला कुणी ‘शील’ म्हणतं, कुणी ‘विश्वासार्हता’. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या ग्रीक मांडणीत हा विश्वास भाषणातूनच उभा राहायला हवा. समज, सचोटी आणि श्रोत्यांविषयीची सदिच्छा बोलण्यातूनच दिसली पाहिजे. वक्त्याचं आधीचं नाव जमेस धरलेलं नाही. रोमन परंपरेने पुढे तेही धरलं. सिनेमात गुंता वाढतो, कारण पात्र तोंड उघडण्याआधीच नटाची ओळख पडद्यावर पोचलेली असते.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ १९५४ साली टीव्हीवर आलं, १९५७ साली चित्रपट झाला. खुनाचा आरोप असलेला एक मुलगा दोषी की निर्दोष, हे एकमताने ठरवायला बसलेल्या बारा ज्यूररांची, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांची, ही गोष्ट. चित्रपटात आठवा ज्यूरर झालेला नट मोठा स्टार होता, त्यामुळे पहिल्या मतदानात ११ विरुद्ध १ असूनही प्रेक्षक त्याच्याच बाजूचा. १९८६च्या ‘एक रुका हुआ फैसला’ या हिंदी आवृत्तीत ही भूमिका स्टार नसलेल्या नटाकडे गेली. ग्रीक व्याख्येची खरी कसोटी तिथे लागते.

पटकथा मात्र नावावर विसंबत नाही. हा माणूस ‘मुलगा निर्दोष आहे’ असं म्हणत नाही, ‘मला ठाऊक नाही’ म्हणतो. मग खुनातल्या चाकूसारखाच दुसरा चाकू टेबलात रोवतो. मग गुप्त मतदान सुचवतो : अकराही जण ‘दोषी’ म्हणाले तर मी अडवणार नाही. म्हातारा नववा ज्यूरर मत फिरवतो, पण कारण सांगतो ते या माणसाच्या एकटं उभं राहण्याचं. साक्षीदाराला दारापर्यंत चालत जायला लागणाऱ्या वेळाचा हिशेब, म्हणजे १५ नव्हे तर ४१ सेकंद, त्यानंतर येतो. आधी आला असता तर तो वकिली कावा वाटला असता.

पॅथॉस म्हणजे करुण रस, हा समजही अपुरा; राग, भीती, लाज, मत्सर सगळं त्यात येतं. दहावा ज्यूरर द्वेष ओकू लागतो तेव्हा एकेक जण टेबलावरून उठून पाठ फिरवतो. तो बोलतच राहतो, पण ऐकायला कुणी नाही. पत गेली की भावनेचा जोर उलटतो, हे इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवलं गेलं असेल.

आपल्याकडे १९५९ साली मुंबईत खुनाच्या खटल्यात एका नौदल अधिकाऱ्याला ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. एका साप्ताहिकाने आरोपीची बाजू लावून धरली होती, म्हणजे त्याची पत कोर्टाबाहेरच ठरत होती. याच खटल्याने ज्यूरी संपवली हे सांगणं सोपं, पण अर्धंच खरं. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. हिंदी आवृत्ती आली ती त्यानंतर १३ वर्षांनी.