‘संगणकीकृत’ या शिक्क्यामागे काय होते?

विदर्भातल्या खेड्यांत ग्रंथालयासाठी ‘एआय’ वापरायची भाषा आता होऊ लागली आहे. तिची मुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या ‘संगणकीकरण’ या एका शब्दात अडकलेली आहेत.

वऱ्हाडातल्या शहरांत इंग्रजी अमलातच वाचनालये निघाली. खेड्यांत ती फुटली १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर, अनुदानाच्या ओलीवर. हे अनुदान ठरते ते ग्रंथालयाला मिळालेल्या अ-ब-क-ड वर्गावर.

घोळ झाला तो संगणकीकरणाचा. तपासणीला येणाऱ्याच्या लेखी टेबलावर संगणक दिसला की काम झाले. कार्यकारिणीला अहवालात ‘संगणकीकृत’ हा शब्द हवा होता. दाखल नोंदवहीतली पुस्तकांची हजारो नावे टंकायची कुणी, हे ग्रंथपालाचे दुखणे. त्याचे मानधन तुटपुंजे आणि गावात भारनियमन. मग वही तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे जायची. तो लग्नपत्रिका ज्या फॉन्टमध्ये करी, त्यातच पुस्तकांची यादी टंकून देई: कृतीदेव, श्रीलिपी, जे असेल ते. या फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठलेला असतो रोमन अक्षराचा क्रमांक. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच यादी उघडली की नुसती रोमन खिचडी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला वेगळा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला १९९१पासून स्वतःची जागा होती, पण तालुक्याच्या दुकानात ते कुणी विचारत नव्हते. यादी छापून निघाली, फाइलला लागली, शिक्का बसला. तीत पुस्तक शोधता येत नाही, हे कुणी तपासले नाही. तपासणीच्या रकान्यांत तसा प्रश्नच नव्हता. माझ्या मते नंतरच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे, आणि त्याचा दोष ग्रंथपालावर टाकणे सोपे असले तरी बरोबर नाही.

२०१२मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल थांबले. वरचा वर्ग मिळायचा नाही, तर यादी सुधारायची कशाला? २०२२मध्ये अनुदान साठ टक्क्यांनी वाढवायचा निर्णय झाला, तोवर या याद्या साठवलेल्या जुन्या सीड्या वाचणारी यंत्रेच गेली होती.

आज एआयकडून अपेक्षा आहे ती हीच जुनी उधारी फेडण्याची. फॉन्ट बदलायला खरे तर एआय लागत नाही. साधी परिवर्तके कधीचीच आहेत. एआयचा खरा उपयोग पुढे: मुखपृष्ठाचा फोटो काढून नाव उतरवणे, एकाच लेखकाची आद्याक्षरी आणि पूर्ण नावाची नोंद जुळवणे, दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणे. जुन्या छपाईतली जोडाक्षरे आणि ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ यंत्राला अजून चकवतात. हस्ताक्षरातल्या वह्यांची तर गोष्टच सोडा.

बोलून शोधायचे म्हटले तर भाषेचा पेच. ‘मले ते पुस्तक पायजे’ हे प्रमाण मराठीवर शिकलेल्या यंत्राला नीट उमजेलच असे नाही. २०२२मध्ये केंद्राने भाषांतराचा जो उपक्रम काढला, त्याचा भर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर होता. गडचिरोलीतली गोंडी आणि मेळघाटातली कोरकू त्या यादीत नाहीत.

दरम्यान ग्रंथालयाला लागून अभ्यासिका भरल्या. तिथली पोलीस भरतीची पोरे मोबाइलवरच प्रश्न विचारतात. शेजारच्या कपाटात त्याच विषयाचे पुस्तक असते, पण त्यांना ते सांगणारी यादी अजून फाइलीतच आहे.