मिथ्रेअम

मिथ्रस या देवाच्या रोमन उपासकांनी बांधलेल्या गुहावजा मंदिराला मिथ्रेअम म्हणतात. इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंत इटली, ऱ्हाइन व डॅन्यूब नद्यांकाठच्या लष्करी छावण्या, ब्रिटन आणि पूर्वेला सीरियापर्यंत अशी मंदिरे उभी राहिली. उपासकांत सैनिक, व्यापारी आणि जकात खात्यातले गुलामही असत. पंथ पुरुषांचा होता.

रोमन देऊळ एरवी उंच जोत्यावर असे आणि बळी द्यायची वेदी बाहेर, सर्वांच्या डोळ्यांसमोर. मिथ्रेअम याच्या उलट. नैसर्गिक गुहा मिळाली तर उत्तम, नाहीतर घराच्या तळघराला कमानदार छत घालून गुहेचे रूप देत. आत लांबट, अरुंद खोली. मधून वाट, दोन्ही अंगांना ओटे. त्या ओट्यांवर रेलून भक्त एकत्र जेवत. खोल्या लहानच, वीस-चाळीस माणसांच्या. ऑस्तिया या रोमच्या बंदरात पंधराहून अधिक मिथ्रेअम सापडली, पण एकही भव्य नाही. तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ पॉर्फिरी सांगतो की ही गुहा म्हणजे विश्वाची प्रतिमा. म्हणून काही ठिकाणी राशी आणि ग्रहही चितारलेले दिसतात.

वाटेच्या टोकाला, गाभाऱ्याच्या जागी, एकच दृश्य असे : मिथ्रस बैलाचा वध करतो आहे. टोकदार फ्रिजियन टोपी घातलेला तरुण देव बैलाच्या पाठीवर गुडघा रोवतो, नाकपुड्यांत बोटे घालून त्याचे डोके मागे ओढतो आणि खांद्यात सुरा खुपसतो. कुत्रा व साप रक्ताकडे झेपावतात, विंचू बैलाच्या वृषणाला डसतो. शेपटीच्या टोकाला मात्र गव्हाची कणसे फुटलेली असतात! मरणातून धान्य, हा अर्थ इतका उघड क्वचितच कोरला गेला असेल. दोन्ही बाजूंना मशालधारी : कॉतेसची मशाल वर, कॉतोपातेसची खाली. वरच्या कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र. बहुतेक शिल्पांत देवाची मान वळलेली असते, बैलाकडे तो पाहत नाही. पंथाचा ग्रंथ हाती आलेला नाही, म्हणून जे काही बोलायचे ते या दगडांनीच.

दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या : कावळा, नवरदेव, सैनिक, सिंह, पारसिक, सूर्यदूत आणि पिता. प्रत्येकीचा पाठीराखा ग्रह वेगळा. अनुक्रमे बुध, शुक्र, मंगळ, गुरू, चंद्र, सूर्य आणि शनी. म्हणजे आपल्या सात वारांचेच धनी, फक्त क्रम निराळा. ऑस्तियातील एका मिथ्रेअमच्या फरशीवर या पायऱ्यांची चिन्हे काळ्या-पांढऱ्या मोझेइकमध्ये शिडीसारखी मांडली आहेत.

उत्तर इंग्लंडमध्ये, हेड्रियनच्या भिंतीलगत कॅरोबरा येथे सापडलेली एक वेदी मुद्दाम पाहावी. तिच्यावरच्या मिथ्रसच्या मस्तकाभोवतीची किरणे आरपार कोरलेली आहेत आणि मागे दिवा ठेवायला कोनाडा आहे. अंधाऱ्या खोलीत दिवा लागला की दगडातून ऊन फुटावे, अशी ही योजना.

मिथ्रस हे नाव इराणी मिथ्र आणि वैदिक मित्र यांच्याशी जोडलेले आहे. ‘ॐ मित्राय नमः’ म्हणत सूर्यनमस्कार घालणाऱ्याला ते परके वाटत नाही. हित्ती आणि मितान्नी या पश्चिम आशियातील राज्यांत इ.स.पू. चौदाव्या शतकात झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे येतात, इतका हा देव जुना. तरीही नावाच्या नात्यावरून एकरूपता गृहीत धरणे चूक ठरेल. मित्राने बैल मारल्याची कथा ऋग्वेदात नाही, अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातही नाही. बेल्जियन संशोधक फ्रांत्स क्युमों यांनी हा पंथ मुळात इराणातून आला असे मानले. १९७० नंतरच्या अभ्यासकांनी मात्र त्याची घडण रोमन असल्यावर भर दिला.

इ.स. ३०८ मध्ये माजी रोमन सम्राट डायोक्लिशन आणि सम्राट गॅलेरियस व लिसिनियस यांनी डॅन्यूबकाठच्या कार्नुन्टम येथील मिथ्रेअमचा जीर्णोद्धार करून मिथ्रसला ‘साम्राज्याचा पाठीराखा’ म्हटले. त्यानंतर सत्तर वर्षांच्या आत रोमचा नगरपाल ग्राकस याने एक मिथ्रेअम फोडले, असे संत जेरोम लिहितो. रोममधील सान क्लेमेंते चर्च बाराव्या शतकातले आहे. त्याच्याखाली चौथ्या शतकातले चर्च, आणि आणखी पायऱ्या उतरल्यावर मिथ्रेअम. दोन्ही ओटे शाबूत आहेत, मधोमध बैलवधाची वेदी आहे आणि जवळच जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज येत राहतो.